मागचे दिवे एलईडी करताना: ब्रेक आणि टेल यांतला फरक राखून

मागच्या दिव्यांत एलईडी टाकल्याने पेट्रोल वाचतं, हे दुकानदाराचं गणित मनावर घेऊ नका. ब्रेकचे दोन्ही बल्ब मिळून ४२ वॅट खातात, तेही पाय पेडलवर असेपर्यंतच. त्यातले ३५ वॅट वाचले तरी पेट्रोलच्या काट्याला त्याचा पत्ता लागणार नाही. खरा फायदा वेळेचा आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण ०.२ सेकंद घेते, एलईडी तत्क्षणी पेटतो. मागची गाडी ताशी ८० किमीने येत असेल तर ०.२ सेकंदांत ती जवळजवळ साडेचार मीटर पुढे सरकते. ऑल्टोच्या लांबीहून जास्त अंतर झालं हे. 

मात्र बल्ब चुकीचा निवडला, तर गाडी आधीपेक्षा धोकादायक होते. रात्री महामार्गावर अशा गाड्या दिसतात: मागे दोन लालभडक ठिपके, आणि ड्रायव्हरने ब्रेक मारलाय की नुसते दिवे लावलेत याचा अंदाजच येत नाही. एकाच बल्बमध्ये टेल (दिवे लावले की मागे सतत मंद पेटणारा) आणि ब्रेक असतात तिथे टेलची तार ३५ ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) उजेड देते आणि ब्रेकची ४४०, म्हणजे साडेबारा पट. वाहनांच्या दिव्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो नियम क्रमांक ७ आहे, त्यात टेलला किमान ४ कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या उजेडाचं माप) आणि ब्रेकला किमान ६० कँडेला लागतात. दोन्ही दिवे एकाच भागात पेटत असतील तर त्यांच्यात किमान ५:१ असा फरक असावा लागतो. स्वस्त एलईडी बल्बचा ब्रेक कमी पडतो असं सहसा होत नाही, टेलच फाजील प्रखर असतो. म्हणून खरेदीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत एकच गोष्ट डोक्यात ठेवायची: हा फरक टिकला पाहिजे.

आधी बल्ब ओळखा

गाडीच्या नावावर बल्ब मागू नका. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांत होल्डर वेगळे निघतात. जुना बल्ब काढा आणि त्याच्या पितळी बुडावर काय कोरलंय ते वाचा.

पी२१/५डब्ल्यू म्हणजे टेल आणि ब्रेक एकत्र असलेला बल्ब. बुडाशी दोन काँटॅक्ट असतात, आणि बाजूच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, त्यामुळे तो उलटा बसत नाही. पी२१डब्ल्यू एकाच तारेचा, एका काँटॅक्टचा, पिना समोरासमोर आणि समान उंचीवर. नुसता ब्रेक, रिव्हर्स किंवा पिवळ्या काचेमागचा इंडिकेटर अशा जागी तो असतो. पीवाय२१डब्ल्यू दिसायला तसाच, पण पिवळा, आणि त्याच्या पिना अगदी समोरासमोर नसतात. काच पारदर्शक असली की इंडिकेटरला हा लागतो. डब्ल्यू५डब्ल्यू हा बिनपितळेचा, पाचरीसारखा काचेचा छोटा बल्ब, दुकानात टी१० म्हणून मिळतो. तसाच पण मोठा टी२० मात्र एकतारी आणि दुतारी अशा दोन्ही प्रकारांत येतो. दुतारी असेल तर होल्डरमधली अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली वजा बाजू) नेमकी कुठे येते ते मल्टिमीटरने पाहून मगच बल्ब बसवा.

खरेदी

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन, माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. खोक्यावर छापलेल्या वॅट आणि ल्युमेनच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा. पुढच्या गोष्टी मात्र बघून घ्या.

काचेचा जो रंग, तोच एलईडीचा. लाल काचेमागे लाल, पिवळ्यामागे पिवळा. साध्या बल्बच्या उजेडात लाल भरपूर असतो, म्हणून तो लाल काचेतून चालतो. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळसर पावडरीचा थर. त्याच्या उजेडात लाल कमी. लाल काच बाकीचा सगळा उजेड अडवते आणि उरतं ते फिकट गुलाबीसर काहीतरी. 'पांढराच घ्या, सगळीकडे चालतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा.

एलईडीच्या चिपा कुठे बसवल्यात हेही महत्त्वाचं. दिव्याच्या आतला चकचकीत रिफ्लेक्टर तारेची जागा धरून घडवलेला असतो, आणि पी२१ प्रकारात ती तार पिनांपासून साधारण ३२ मिमी वर असते. एलईडी बल्बच्या चिपा त्याच उंचीच्या आसपास आणि चारही बाजूंनी हव्यात, मक्याच्या कणसासारख्या. फक्त टोकाला चिपा असलेला बल्ब रिफ्लेक्टरला अंधारातच ठेवतो. मधोमध एक प्रखर ठिपका आणि भोवती काळोख. जुन्या गाड्यांत रिफ्लेक्टर नावालाच असतो आणि उजेड पसरवायचं काम काचेवरच्या खाचा करतात, तिथे टोकाच्या चिपाही उपयोगी पडतात. बल्ब फार जाडही नको. मूळ बल्बचा फुगवटा साधारण २५ मिमीचा असतो, त्याहून जाड बल्ब दिव्याच्या भोकातून आत जाणारच नाही.

'कॅनबस' लिहिलेल्या बल्बमध्ये बहुतेक वेळा आत रेझिस्टर भरलेला असतो, गाडीच्या संगणकाला 'इथे जुनाच बल्ब आहे' असं वाटावं म्हणून. बल्ब गेल्याची सूचना डॅशबोर्डवर देणाऱ्या गाड्यांत तो लागू शकतो. साध्या गाडीत तो नुसता उष्णता वाढवतो, घेऊ नका.

शक्यतो आधी एकच बल्ब घ्या. तो पास झाला तर त्याच दुकानातून त्याच मालातला दुसरा.

टेबलावर चाचणी

गाडीला हात लावण्याआधी बल्ब घरात पेटवून बघा. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर पुरतो. वजा तार बल्बच्या पितळी अंगाला, अधिक तार बुडाच्या एका काँटॅक्टला, मग दुसऱ्याला. एकावर मंद, दुसऱ्यावर प्रखर, आणि मग दोन्हींवर एकदम. दोन्ही जोडल्यावर उजेड नुसत्या ब्रेकइतकाच राहायला हवा. तो कमी झाला किंवा थरथरला तर बल्ब परत करा.

आता फरक मोजा. मोबाइलवर लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं कुठलंही मोफत ॲप चालेल. ते स्क्रीनच्या वरच्या कडेचा सेन्सर वापरतं, त्यामुळे स्क्रीन बल्बकडे करून धरा. खोलीत अंधार करा, बल्ब आणि फोन अर्ध्या मीटरवर पक्के ठेवा, टेलचा आकडा लिहा, ब्रेकचा लिहा. नेमका लक्स इथे महत्त्वाचा नाही, गुणोत्तर महत्त्वाचं. पाचपटीच्या खाली आलं तर बल्ब बाद. माझा स्वतःचा हट्ट आठपटीचा आहे, कारण गाडीत बसल्यावर धूळ, जुनी काच आणि दुपारचं ऊन हे सगळे या फरकावर उठलेले असतात.

त्यानंतर ब्रेकची बाजू दहा मिनिटं सलग चालू ठेवा आणि पुन्हा मोजा. सिग्नलला आपण पेडलवर पाय ठेवून बसतो तेव्हा बल्बला हेच सोसावं लागतं. थोडी घट चालते. उजेड निम्म्यावर आला तर आत उष्णता बाहेर काढायची काहीच सोय नाही असं समजा.

गाडीत बसवणं

हात बसवायला नंबरप्लेटच्या दिव्यापासून सुरुवात करा. तिथे पांढरा टी१० किंवा दोन्ही टोकांना टोपी असलेला नळीसारखा बल्ब असतो. पेटला नाही तर काढून उलटा बसवायचा, कारण एलईडीला अधिक-वजा कळतं, तारेला कळत नव्हतं. पितळी बुडाच्या बल्बमध्ये हा प्रश्न नाही, त्याचं अंग नेहमी अर्थलाच लागतं.

मुख्य दिव्यासाठी इग्निशन बंद करा, बॅटरीची वजा तार काढा. डिकी उघडा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये दिव्याच्या आतल्या कडेला दोन स्क्रू दिसतात, बाकीच्यांत डिकीच्या अस्तरामागे आठचे किंवा दहाचे नट असतात. ते काढले की दिवा सरळ मागे ओढायचा. वाकडा करायचा नाही, कारण बाहेरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन खुंट्या खाचेत अडकलेल्या असतात आणि त्या तुटल्या की दिवा आयुष्यभर खडखडतो. होल्डर पाव वळसा डावीकडे, मग बल्ब दाबून डावीकडे.

नवीन बल्ब टाकण्याआधी होल्डरकडे दोन मिनिटं बघा, कारण अर्धे 'एलईडी खराब निघाला'चे प्रकार इथेच जन्माला येतात. पितळेवर हिरवट थर असेल तर बारीक पॉलिशपेपरने घासा. तळाची स्प्रिंग बसली असेल तर हलकेच वर उचला. प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर होल्डरच बदला. आणि अर्थची तार जिथे बॉडीला नटाने आवळलेली आहे तिथला गंज व रंग खरवडून नट पुन्हा आवळा. अर्थ कच्ची असली की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढून परत जातो: ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, टेल मंदावतो. साध्या बल्बला पेटायला बराच करंट लागायचा, त्यामुळे अशी थोडीशी गळती दिसायची नाही. एलईडी मात्र तेवढ्यावरही भुतासारखा लुकलुकतो.

बॅटरी जोडा आणि सगळं बंद असताना बल्ब पूर्ण विझलेत का बघा. मग टेल, मग ब्रेक, मग टेल चालू ठेवून ब्रेक, मग सगळ्याबरोबर इंडिकेटर. पेडल दाबायला घरात कोणी मोकळं नसेल तर सीट आणि पेडल यांच्यात काठी अडकवता येते.

आता खरी परीक्षा, दोन वेळा घ्यायची. भर दुपारी, दिव्याच्या काचेवर ऊन असताना, २०-२५ मीटर मागे उभं राहून ब्रेक स्पष्ट दिसतो का. आणि रात्री, तिथूनच, टेल चालू असताना कोणी ब्रेक दाबला तर न सांगता कळतो का. मग बाजूला सरकत ४५ अंशांपर्यंत या. शेजारच्या लेनमधला दुचाकीवाला तुमचा दिवा सरळ मागून बघत नाही, असाच तिरका बघतो. तिरक्या कोनातून उजेड एकदम पडला तर बल्बची रचना या दिव्याला जुळत नाही, मग तो कितीही महाग असो. जुना बल्ब एका बाजूला आणि नवा दुसऱ्या बाजूला ठेवून ही तुलना केली तर निकाल लगेच लागतो.

इंडिकेटरचं दुखणं

ब्रेक आणि टेल झाले की इंडिकेटरही करून टाकावासा वाटतो, आणि तो भरभर चमकायला लागतो. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर चमकवणारा भाग, करंट बघून चालतो. एका बाजूला दोन २१ वॅटचे बल्ब आणि एक छोटा, असे साधारण ४७ वॅट त्याला अपेक्षित असतात. करंट कमी झाला की एक बल्ब गेला असं समजून तो वेग वाढवतो, आणि अगदी जुना तापून चालणारा फ्लॅशर तर चमकतच नाही. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा चमकला पाहिजे.

याला दोन उपाय. फ्लॅशर वेगळा काढता येत असेल (डॅशबोर्डखाली तीन पिनांची, टिकटिक करणारी डबी), तर तिच्या जागी एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाका. पिनांचा क्रम आधी जुळवून घ्या, सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक इंडिकेटरला समांतर ६ ओहमचा, ५० वॅटचा रेझिस्टर. १३.५ व्होल्टला तो ३० वॅट उष्णता फेकतो. इंडिकेटर निम्मा वेळच पेटतो म्हणून सरासरी १५ वॅट, तरी चटका बसेल इतकं गरम होतंच. तो प्लॅस्टिकला, अस्तराला किंवा वायरिंगला चिकटवायचा नाही, बॉडीच्या पत्र्यावर स्क्रूने बसवायचा. ब्रेकलाइटला असा रेझिस्टर कधीच लावू नका, कारण तिथे तो सलग तापतो.

ज्या गाडीत टिकटिक वेगळ्या डबीतून न येता मुख्य इलेक्ट्रॉनिक युनिटमधून येते, तिथे मी इंडिकेटरचे जुने बल्बच ठेवतो. पिवळ्या इंडिकेटरला एलईडीने फारसं काही मिळत नाही, आणि बल्ब गेल्याची सूचना मात्र जाते.

स्वतःचा बोर्ड बनवायचा असेल तर

जुनी जीप किंवा हौसेने उभी केलेली गाडी असेल, आणि काच बाहेरून स्क्रूने निघत असेल, तर आत स्वतः बनवलेला एलईडींचा बोर्ड बसवता येतो. आजच्या गाड्यांची काच डब्याला वितळवून जोडलेली असते. हीट-गनने ती सुटत नाही, वाकडी होते. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

कायद्याचंही आधीच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाला बाधेल असा बदल करता येत नाही, आणि कारखान्यातला दिवा त्याच्या ठरलेल्या बल्बसकट मंजूर झालेला असतो. घरगुती बोर्डाला अशी मंजुरी नसते. रोजच्या वापराच्या, विमा आणि वॉरंटी चालू असलेल्या गाडीत मी तो बसवणार नाही. बाजारातल्या एलईडी बल्बबाबतही वॉरंटीची अट वाचून घ्या. टेल-ब्रेकला लाल सोडून दुसरा रंग, लुकलुकणारा ब्रेक आणि दिव्याच्या काचेवर काळी फिल्म हे तर कुठल्याच गाडीला नको.

आता गणित. लाल एलईडी साधारण २.१ व्होल्ट घेतो आणि २० मिलिॲम्पिअरवर चालतो. गाडीचं १२ व्होल्ट म्हणजे इंजिन बंद असताना १२.६ आणि चालू असताना १४.४ पर्यंत, म्हणून हिशेब १४.४ चा धरायचा. चार एलईडी ओळीत, ८.४ व्होल्ट. वाटेत एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे, त्याचे ०.७. उरले ५.३ व्होल्ट. भागिले ०.०२, म्हणजे २६५ ओहम. बाजारात २७० मिळतो, पाव वॅटचा पुरतो. पाच एलईडी ओळीत घालायचा मोह आवरा. मग रेझिस्टरच्या वाट्याला फार थोडे व्होल्ट उरतात आणि इंजिन बंद होताच उजेड निम्म्याहून खाली घसरतो.

अशा नऊ ओळी केल्या की ३६ एलईडी झाले, सगळ्यांचा करंट जेमतेम ०.१८ ॲम्पिअर. जुना ब्रेकचा बल्ब पावणेदोन ॲम्पिअर घ्यायचा. एलईडी ६० अंश किंवा त्याहून रुंद कोनाचेच घ्या. १५-२० अंशांचे पारदर्शक एलईडी हातात धरल्यावर डोळे दिपवतात आणि बाजूने बघितलं की दिसत नाहीत.

दोन उजेडांसाठी दोन वाटा. ब्रेकची तार १एन४००७ डायोडमधून थेट बोर्डाच्या अधिक बाजूला. टेलची तार आधी २७० ओहमच्या अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरमधून, मग तशाच दुसऱ्या डायोडमधून त्याच बिंदूला. या मार्गाने नऊ ओळींना मिळून साधारण २२ मिलिॲम्पिअर मिळतात, म्हणजे ब्रेकच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. टेल अजून मंद हवा असेल तर फक्त हा एक रेझिस्टर बदलायचा, ३३० किंवा ३९०. डायोड वगळू नका. ते नसतील तर ब्रेकचा करंट टेलच्या तारेत उलटा शिरेल आणि पेडल दाबताच टेलच्या तारेवरचे बाकीचे एलईडी मिणमिणू शकतील.

बोर्डाच्या तोंडाशी २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड टाकला की अल्टरनेटरकडून येणारे विजेचे झटके तो पिऊन टाकतो. दोन्ही तारांना एक-एक ॲम्पिअरचा फ्यूज स्वतंत्र लावा. गाडीचा फ्यूज गाडीच्या जाड तारांसाठी असतो. तुमची बारीक तार शॉर्ट झाली तर तो उडायच्या आधी तारच जळेल. डाग दिल्यावर प्रत्येक जोडावर हीट-श्रिंक नळी चढवा. नुसती टेप डिकीच्या उन्हात सुटते. बोर्डाच्या मागच्या बाजूला वॉर्निशचा हात फिरवा. आणि डब्यातला लाल रिफ्लेक्टर, जो दुसऱ्याच्या उजेडात चमकतो, तो झाकला जाणार नाही याची खात्री करा. गाडी अंधारात बंद पडली तर तोच तुमचा दिवा.

बोर्डालाही वरच्या सगळ्या परीक्षा लागू: गुणोत्तर, दहा मिनिटं, दुपार, रात्र, ४५ अंश.

ओल

कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी असेल तर एक गोष्ट बल्ब बदलल्यावरच ध्यानात येते. जुना बल्ब तापायचा आणि दिव्यातलं दव सुकवायचा. एलईडी दिव्याला तेवढं तापवत नाही, त्यामुळे आत शिरलेली ओल तशीच राहते आणि काचेवर धुकं धरतं. दिवा परत लावताना मागचा फोमचा किंवा रबरी गॅस्केट चपटा झालाय का बघा, होल्डरची रबरी रिंग तपासा, तारा पत्र्यातून जातात तिथलं ग्रोमेट (भोकातलं रबरी कडं) जागेवर बसवा. पण डब्याच्या खालच्या बाजूला जे बारीक भोक किंवा नळी असते ती सिलिकॉनने बुजवू नका. ती हवा खेळण्यासाठी आहे, आणि बुजवली की आतलं पाणी बाहेर पडायचा रस्ताच संपतो.

काढलेले जुने बल्ब कापडात गुंडाळून डिकीत टूलकिटजवळ ठेवा. पुनर्नोंदणीच्या तपासणीला जाताना मी तेच परत लावतो, पाच मिनिटांचं काम आहे.